ती कुठं होती

मैदानात खेळायची सोय नाही. निपाणीचं वारं.
फूल मारावं मुरगूडकडं
अन् ते जाऊन पडावं मुलींच्या सायकलींत.
म्हणून मागून घेतली पटवेगारांची वखार,
तंबाखू गेली तेव्हापासून कुलूप असलेली.
पहिला आठवडा पोरं शिंकत शिंकत खेळली.

जाळी नव्हती. दोन खांबांना काथ्या बांधला,
त्यावर बारदानाची फडकी.
फक्कीनं आखलं लांबट, चिंचोळं मैदान,
सहा हात रुंद. इथं डावं-उजवं नाहीच,
फक्त पुढं अन् मागं.

मी शिकलो तेव्हा आधी मनगट,
मग पाय, मग फटका, हवेतच, शंभर वेळा,
अन् मॅच शेवटच्या तासाला, वेळ उरला तर.
कधी उरला नाही.
मी आधी मॅच लावली.
रॅकेट धरा कशीही, तव्यावरचं उलथनं धरता तशी धरा.

नियम असा : फूल पुढच्या पट्ट्यात पडलं, दोन गुण.
मागच्या पट्ट्यात, दोन.
मधे कितीही जोरात आपटा, भोपळा.
अन् गुण झाला की मी खेळ थांबवायचो,
"आता ती कुठं होती?"
"मागं, सर."
"हिंदे, सर."
सन्मती मगदूम म्हणाली, "माझ्याच समोर,
म्हणून तर तिनं परत मारलं."
लगमव्वा तळवार काही बोलली नाही.
तिनं बोट दाखवलं
जिथं तस्लीम नव्हती तिथं.

त्या दिवसापासून ती जोर लावेना.
मागं बघायची, मागं मारल्यागत हात न्यायची,
अन् काथ्याच्या अलीकडून फुलाला नुसतं टेकवायची,
तिची आई विडीचं तोंड मिटते ना,
नखानं, तसं.
तस्लीम पळत यायची अन् फूल आधीच जमिनीवर.
"सर, ही फसवते!"
म्हटलं, फसवते. तू पण फसव.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.
वखारीला माळा आहे, त्याची तुळई खाली.
फूल तुळईला लागलं की गुण दुसऱ्याचा,
हा नियम मीच केला होता, भांडणं मिटावीत म्हणून.
वर मारायचं कुणी शिकलंच नाही.

बेळगावात हॉल असा उंच
की पत्र्यात पारवे बारीक दिसत होते.
समोरच्या मुलीनं पहिलंच फूल वर पाठवलं.
वर. आणखी वर.
लगमव्वा मान मोडून बघत राहिली
अन् फूल तिच्या मागं पडलं, आरामात.
सहा-एकवीस.

मधल्या मिनिटात सांगायचं खूप होतं.
बाटली दिली. सवयीनं तेवढंच विचारलं,
"ती कुठं होती?"
लगमव्वा पाणी प्याली, तोंड पुसलं.
"ती कुठं होती ते नको सर.
फूल वर असताना ती कुठं बघते, ते बघा."

दुसऱ्या गेमला हिनंही फूल वर टाकलं.
पहिली दोन सरळ बाहेर गेली, लोक हसले.
तिसरं गेलं पार मागं,
ती मुलगी वर बघत मागं मागं सरकली,
अन् ही तोवर जाळीजवळ येऊन उभी,
उधारी मागायला आल्यासारखी.
अठरा-एकवीस. हरली.

परतीच्या बसमधे संकेश्वरपर्यंत गप्प.
मग खिडकीतूनच म्हणाली,
"सर, वखारीची कौलं काढता येतील?"
तस्लीम इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं.

सोमवारी साडेसहाला, वारं उठायच्या आत,
मी फक्कीचा डबा घेऊन मैदानात.
लिंबाच्या खालच्या फांदीच्या वरून जाईल
त्या फुलाला तीन गुण.
पोरी डोळे चोळत आल्या.
पहिलं फूल वर गेलं
अन् मी, आयुष्यात पहिल्यांदा,
फुलाकडं बघितलं नाही.