हातचे सहा

रस्ता दरडीखाली गेला तिथं ट्रक थांबला.
पुढचा अ‍ॅटलास खेचरांच्या पाठीवर:
पीठ, तेलाचे डबे, घोंगड्या,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत माझी नोंदवही.
मी माराकेशचा, शाळेत गणित शिकवणारा.
डोंगरातली भाषा मला येत नाही.
हम्मूचा धाकटा, यिद्दर, दुभाषा झाला;
वय अकरा, पायांत दोन वेगळ्या चपला.

वस्ती म्हणजे आता एक उतार.
माती मातीला मिळते म्हणतात, तशी ही नाही;
हिच्यात खिडकीची निळी चौकट आहे,
चहाची किटली, तोंड दाबल्यासारखी.
अक्रोडाचं झाड तेवढं जागच्या जागी,
फळांनी वाकलेलं, काही न झाल्यासारखं.

दानात काय काय आलं होतं!
टिकल्यांचा झगा. पोहायचे चष्मे.
एका गोणीत नुसते टाय.
कुणीतरी एक खेचराच्या गळ्यात बांधला
आणि ते साहेबासारखं उभं राहिलं.
बायका हसल्या,
मग हसल्याबद्दल एकमेकींकडे बघत राहिल्या.

रकाना पहिला: नाव. तुदा.
रकाना दुसरा: घरात माणसं किती?
म्हातारी बोटांवर मोजत गेली,
एकेका बोटाशी थांबून,
एकदा तर मागं जाऊन पुन्हा.
"सात," यिद्दर म्हणाला.
मी तिच्या मागे पाहिलं. एक शेळी होती.
"आहेत की होती? नीट विचार."
पोरगं विचारेना.
टाचेनं माती उकरत राहिलं.

वीस वर्षांत माझा हातचा कधी चुकला नाही.
इथं एक लिहायचा, हातचे सहा;
ते धरायचे कुठल्या हातात?

सात लिहिलं.
सात घोंगड्या मोजून दिल्या.

तिनं एक खांद्यावर घेतली,
सहा माझ्याकडे सरकवल्या
आणि बोलली, बराच वेळ.
यिद्दरनं त्याचं एवढंसं केलं:
"म्हणते, लिहिलंस ना, पुरे.
त्यांना आता थंडी वाजत नाही.
या खालच्या वस्तीत ने, तिथं पोरं आहेत."
"आणि बाकीचं?"
"बाकीचं नावं होती."

निघताना तिनं माझ्या खिशात अक्रोड कोंबले,
हिरव्या सालीसकट.

कचेरीत विचारतील, सात दिल्या तर सहा परत कशा?
शेऱ्याचा रकाना मी उघडला, मिटला.
त्यात शब्द नाही,
सालीनं काळ्या झालेल्या अंगठ्याचा डाग आहे,
साबणानं न जाणारा.

खेचराचा टाय सोडायला विसरलोच.