उजवी बाजू

केवल म्हणतो, पहिलाच अल्बम खरा.
घणसोलीतल्या गॅरेजात, एका माईकवर.
तिसऱ्या गाण्यात कुत्रं भुंकतं,
ते त्यांनी काढलं नाही.
मी म्हणतो, दुसरा नीट ऐक,
त्या गिटारनं केवढी खोली उभी केलीय.
"कंची गिटार?"

सहा वर्षं हेच. दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीवर
एका इअरफोनची दोन टोकं वाटून,
डावं त्याचं, उजवं माझं.
मी त्याला बहिरा म्हणायचो,
तो हसायचा.

काल डास मारता मारता बोलून गेला:
पाचवीत गालगुंड झाले होते,
तेव्हापासून उजवा कान नुसता शोभेला.

ओहोटी होती. चिखलात एक होडी कलंडलेली.
मी माझं टोक शर्टाला पुसलं,
त्याच्या डाव्या कानात घातलं,
गाणं पहिल्यापासून लावलं.

चार मिनिटं बारा सेकंद
तो ऐरोली पुलाच्या दिव्यांकडे बघत राहिला,
बोटं गुडघ्यावर, हलायची थांबलेली.
"हाय," म्हणाला. "गिटार हाय."

मग टोक परत देत:
"तरी पयलाच.
त्यातलं कुत्रं
माझ्या वाट्याला अख्खं येतं."