बिघडून बसला

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
लागोसहून आलेली तक्रार मी ओसाकाला पोचवते.
कॉम्प्रेसर पुन्हा ब्रेक डाउन झालाय.

इंग्रजी क्रियापदं दिसायला गरीब,
पुट, टर्न, गिव्ह, ब्रेक,
पहिलीच्या पोरानं पाटीवर लिहावीत अशी.
मग मागून वीतभर शेपूट येतं,
अप, ऑफ, आउट, डाउन,
आणि अख्ख्या वाक्याचं तोंड फिरवून टाकतं.
पुट म्हणजे ठेवणं, हे ठीक.
पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं,
पुट आउट म्हणजे विझवणं,
आणि पुट अप विथ म्हणजे सासर,
असं मी वहीत लिहिलं होतं
नौपाड्याच्या क्लासात.
चिटणीसबाईंनी ते खोडलं नाही.

ओकामोतोसानचा शेरा येतो:
अर्थ बरोबर आहे. पण जरासं…
जपानी माणूस जरासं म्हणून थांबला
की समजावं, सगळंच पुन्हा करायचंय.
असं कोणी म्हणत नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं.
आणि तेही तो म्हणत नाही.

साडेचारला तांडेल वर आला,
दिव्याच्या कोळीवाड्यातला, स्टोअर सांभाळतो.
हातात रिकामा कप.
"मॅडम, चहाची मशीन बिघडून बसली.
आता सोमवारपर्यंत काय उठत नाय."

बसली.
जसा घसा बसतो, धंदा बसतो,
लग्नात रुसलेला मामा बसतो.
नुसती बिघडली नाही,
बिघडून बसली,
झालं ते झालं, आणि वर आपल्यालाच ताप.

कोवारेते शिमाइमाशिता.
बिघडून बसला.
तोच सुस्कारा, क्रियापदाच्या पोटात.

मग एकामागून एक.
ओकु: करून ठेव. पाहुणे यायच्या आत भिजवून ठेव.
मिरु: चाखून बघ. मीठ पुरेसं आहे का बघ.
आठ वर्षं मी
ऐरोलीहून मुलुंडला जायला
वाशीचा पूल धरत होते.

सगळंच जुळतं असं नाही.
गिव्ह अपपाशी अजून अडते.
आपण सोडून देतो,
त्यातलं ते देणं कुणाला, कधी कळलं नाही.
ते म्हणतात आकिरामेरु.
बाई सांगायच्या, त्याच्या मुळाशी
लख्ख बघणं आहे.
लख्ख बघितलं, म्हणून हात सुटला.
हे मराठीत कसं आणायचं?
मी आणलं नाही. तसंच ठेवलंय.

सहाला ओसाकाचं उत्तर आलं. तिथं साडेनऊ वाजलेले.
एकच शब्द. हाइ.
त्यात जरासं नव्हतं.

पर्स उचलली. तांडेल मशीनचं झाकण उघडून
आत टॉर्च मारत होता.
"येते हो," मी म्हटलं,
जात असताना.
इंग्रजीत याला वेड लागलंय म्हणतील.
ओसाकात मात्र रोज सकाळी
दारात चपला घालता घालता माणसं हेच म्हणतात:
इत्ते किमासु.
जाऊन येते.

"या," तांडेल म्हणाला, मशीनच्या आतून.