तुंबा

नांदीच्या टेकड्यांवर आम्ही दूध काळं करून पितो.
काळं म्हणजे राखाडी, जरा निळसर.
चहाच्या मळ्यावरचं पहाटेचं धुकं
निखाऱ्यात बुचकळून काढल्यासारखं.

माझी सासू ताप्रांदिच
सेनेतची काटकी चुलीत धरते,
तिचं जळकं टोक तुंब्यात घालून
आतून घासत राहते, गोल गोल,
कान लावून,
जणू आत कुणी हूं हूं करतंय.
मग धारोष्ण दूध, फेसासकट.
वर चामड्याची टोपी.
आग लाकडाला. दुधाला नाही.
दूध उकळलं की गाईचे सड जळतात, म्हणते.
आणि चहातलं?
ते दूध नाही, तो चहा.

कॅप्साबेटच्या दवाखान्यात
सिस्टर नाफुलानं वजन लिहिलं, दाब लिहिला.
दूध पितेस?
पिते.
उकळून?
मी भिंतीवरच्या मच्छरदाणीच्या चित्राकडे पाहिलं.
पाचवा ना? याआधी?
एक. राहिलं नाही.
तिनं पेन खाली ठेवलं.
त्या साली गोठ्यात कुणी गाभडलं होतं?
नक्की त्यानंच झालं असं नाही म्हणत मी,
नुसतं विचारते.

गाभडली होती. ठिपकी. जानेवारीत.
सासूनं ते गोणपाटात गुंडाळून
अवोकॅडोखाली पुरलं,
हात धुतले,
आणि संध्याकाळी ठिपकीचं दूध तुंब्यात ओतलं.
मार्चमध्ये मी.
माझं कुठं नेलं
ते मी विचारलं नाही.

चढ चढताना सिस्टरचं बोलणं
पाठ करत आले:
उकळी फुटू दे, मग निवू दे.
तुंबा कढत पाण्यानं धू.
सकाळचं संध्याकाळपर्यंत संपव,
आठवडा आठवडा मुरवलेलं नको, निदान आत्ता नको.
कोळशाची चिमूट चव लागली तर लागू दे.

रात्री नवऱ्याला सांगितलं.
किपलागात उगालीच्या गोळ्याला
अंगठ्यानं खळगा पाडत बसला.
बोलली ती, चुलीमागून:
माझी सहा पोरं वाढली या दुधावर.
कुणी काही म्हटलं नाही.
लाकूड तडतडलं.
बऱ्याच वेळानं,
राखेकडे बघत,
झाली आठ होती.

सकाळी जाग आली ती
उतू गेलेल्या दुधाच्या करपट वासानं.
सुफुरियापुढे ती उभी.
एकदा वर आलं, खाली घेतलं.
दुसऱ्यांदा आलं.
तिसऱ्यांदा वर येऊ लागताच
तशीच टाकून बाहेर पळाली,
मी खिडकीतून पाहिलं,
ठिपकीपाशी उकिडवी बसून
चारी सड एकेक चाचपत होती.
आत आली. पदराला हात पुसले.
हं, म्हणाली. गायीचं बरं आहे.

चव? खोटं कशाला सांगू,
उतरलीय.
धूर आहे, राख आहे,
जिभेच्या कडेला बसायचा तो आंबट चिमटा नाही.
कसं लागतंय?
चांगलं.
तिनं माझ्या कपातला घोट घेतला,
तोंडात फिरवला.
पाणी, म्हणाली,
आणि कप पुन्हा काठोकाठ भरला.

मोठा तुंबा, लाल मण्यांचा,
खिळ्याला रिकामा टांगलाय.
त्यालाही काल तिनं कढत पाण्यानं विसळलं, उन्हात पालथा घातला.
आमच्यात लांबून दमून आलेल्याला
आधी तुंबा देतात, मग खुशाली विचारतात.
मी पोटावर हात ठेवून म्हटलं,
याच्यासाठी ना?

वेडी का तू, तान्ह्याला कुणी हे देतं?
तुझ्यासाठी.
लांबून तर तू येणारेस.