डावी मूठ

ढेबेवाडीच्या बाजारात
बंडा सुतार विळे नाही, नुसत्या मुठी विकतो.
"हात दाखव," म्हणतो.
रेषा बघत नाही,
घट्ट्यांवरून अंगठा फिरवतो.

"डावखुरी हाईस व्हय?"
अनसानं मान हलवली.
बारा वर्षं सासूच्या विळ्यानं गवत कापलं,
कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं बाभळीचा तुकडा उलट्या अंगानं तासला,
करंगळीपाशी जाड,
काचेनं घासला, करडईचं तेल पुसलं.
पैसे मात्र पुरते घेतले.

दुसऱ्या दिवशी पठारावर
बायांनी उजवीकडून पात धरली,
हिनं पलीकडच्या कडेनं.
ऊन चढलं.
मधे गवताचा पट्टा उरला
दोन हात,
मग वीतभर,
आणि समोर
घामेजलेली शेवंता:
"अगं, कापताना तुझं तोंड आजच दिसलं."