ऋण चढ

उताराला पुस्तकात ऋण चढ म्हणतात.
महलकाला ते पटत नाही.
'उतार म्हणजे उतार, बाई.
पाण्याला विचारा.'

याझ्दपासून दोन तासांवर आमची शाळा.
फळ्यावर मी गणित घातलं:
आरंभबिंदूच्या खाली साठ मीटरवर एक बिंदू,
त्यातून जाणारी रेषा, चढ वजा एक छेद हजार.
आरंभबिंदूतून निघालेली जमीन, चढ वजा तेरा छेद हजार.
दोन्ही समीकरणं काढा.
पाणी उजेडात कुठे येईल?

तिने नुसतं लिहिलं, पाच हजार.
रीत नाही, पायरी नाही,
बरोबरचं चिन्हसुद्धा नाही.
मी लाल शाईत शून्य दिलं.
आमच्याकडे शून्य म्हणजे फक्त ठिपका.

दुसऱ्या दिवशी तिचा आजा आला, उस्ता हैबत,
डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.
भुयारात उतरणारे पांढरंच घालतात,
वर यायचं राहिलं तर कफन वेगळं नको.
'जमीन हजारात तेरा उतरते,
पाणी एक. उरले बारा.
साठात बारा किती वेळा, बाई?
यात लिहायचं काय?'

मी विचारलं, अंधारात सरळ कसे जाता?
'मागे दोन दिवे ठेवायचे.
खणता खणता वळून बघायचं.
एक दुसऱ्याच्या आड गेला, म्हणजे बरोबर.
दोन्ही दिसले, की चुकलो.'
चहा तसाच ठेवून तो गेला.
दोन बिंदू, एक रेषा.
एवढ्यासाठी मी शिकवते सहा तास.

मग उभी रेषा आली.
तिला चढ नसतो, मी सांगितलं,
शून्य नव्हे, सांगताच येत नाही.
कोणी उदाहरण द्या.
खिडकीजवळच्या मुली पेन्सिली चावत बसल्या.
महलकाने लिहिलं, क्ष बरोबर तेवीसशे.

तेवीसशेवर सतरावी विहीर आहे.
तिचा बाप तिथून उतरला होता गाळ काढायला,
आजा वर रहाटाशी.
दोर हलका आला.

त्या गणिताची रीत मी मागितली नाही.

रात्री जुनी वही काढली.
लाल ठिपका होता तसाच.
त्याच्या डावीकडे एक उभी रेघ ओढली.
आमच्याकडे तो एक होतो,
ठिपक्यासकट दहा.
पट्टी शेजारीच होती.
तरी रेघ वाकडी आली.