गादी

साताऱ्यात गादी म्हटलं की लोक राजवाड्याकडं बघतात.
माझ्या डोक्यात दोनच गाद्या:
एक आईच्या उजव्या गुडघ्यातली, मागच्या वैशाखात संपली,
आणि दुसरी डॉक्टर माजगावकरांच्या पिवळ्या गाडीतली,
ती काल संध्याकाळी, यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर.

टोइंगच्या आधी वास आला.
ओल्या गोणपाटाला विस्तव लागावा
आणि त्यात कुणी मूठभर केस टाकावेत, तसा.
एसटीच्या डेपोत सहा वर्षं काढलीत.
या वासावरून मला गाडी नाही कळत,
ड्रायव्हर कळतो.

"मी तर अगदी हळू चालवतो," डॉक्टर म्हणाले.
हळूच तर चालवता, डॉक्टर.
कासच्या फुलांना निघालेल्या रांगेत
साडेपाचशे घोडे अर्ध्या पॅडलवर धरून,
पुढं टेम्पो, टेम्पोच्या पुढं टेम्पो,
ना धरलं, ना सोडलं.
पळून एवढी झिजत नाही ही.
हे मी मनात म्हणालो.

गिअरबॉक्स खाली यायला दोन दिवस गेले.
इंजिन सीटच्या मागं, देव्हाऱ्यातल्यासारखं काचेखाली.
तिथवर पोचायचं तर आधी पोटाखालचे चव्वेचाळीस स्क्रू,
मग सायलेन्सर, मग मागची चाकं धरणारा सांगाडा.
तौफिकनं मामाच्या दुकानातून अंड्यांचे ट्रे आणले.
एका खळग्यात एक बोल्ट, शेजारी खडूनं आकडा.

आत काळी पूड. चुलीमागं असते तशी, हलकी.
प्लेटला व्हर्नियर लावायची गरजच नव्हती, तरी लावला.
रिव्हेटची डोकी वर आलेली,
फ्लायव्हीलवर निळे डाग, मुका मार लागल्यासारखे.
अकरा हजार दोनशे किलोमीटर.
आईचा गुडघा एकाहत्तर वर्षं चालला,
भांगलणीत, चार बाळंतपणांत,
म्हसव्याच्या माळावरनं वैरणीचा भारा घेऊन.

डॉक्टर ओपीडी संपवून आले.
हात मागं बांधून दाराबाहेरच उभे,
जसा मी उभा होतो त्यांच्या लाल दिव्याखाली.
प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील.
आकडा सांगितला.
"एवढे?"

हा 'एवढे' माझ्या ओळखीचा.
त्यांच्या केबिनमध्ये प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन
मीच म्हणालो होतो.
मी म्हणालो, "लोकलपण मिळतो, डॉक्टर."
पुढचं वाक्य त्यांचंच होतं,
'पण मी माझ्या आईला बसवणार नाही.'
त्यांना आठवलं असावं. हसले नाहीत.
फोन काढला, पैसे पाठवले.
दुसऱ्या दिवशी दवाखान्यातनं
हातमोज्यांचा एक खोका आला.
नव्या प्लेटला बोटाचंसुद्धा तेल चालत नाही,
हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

प्लेट मधोमध बसली, केसाचाही फरक नाही.
गिअरबॉक्स वर चढवताना तौफिक श्वास धरून होता.
खट्. एवढाच आवाज. मग दोघांनी चहा मागवला.

रविवारी किल्ली देताना पथ्य सांगितलं:
पाचशे किलोमीटर दमानं.
चढावर हँडब्रेक.
पाय विसावायला कंपनीनं शेजारी वेगळी जागा दिलीय,
पॅडल म्हणजे पाट नव्हे.
डॉक्टरांनी मान हलवली.
ती मान मी ओळखतो.

संध्याकाळी बोगद्याजवळच्या घरी आलो
तर आई जमिनीवर, मांडी घालून,
सुपात पावटा सोलत.
माझी चाहूल लागली तशी पाय हळूच सरळ केला.
वर घाटात एक इंजिन बराच वेळ
एकाच सुरात गुरगुरत होतं, पुढं सरकत नव्हतं.
"कुणाची रं गाडी?"
"तुझ्या डॉक्टरची."
आईनं एक शेंग फोडली.
"भेटला तर सांग," म्हणाली,
"सांगितल्यागत वागतिया म्हणावं."